शेजारचं कोरं पान

१

आमची ही गेली त्याला आठ महिने झाले, आणि मग तिच्यावर खोटेपणाचा आळ आला. ती असती तर एका वाक्यात निकाल लावून मोकळी झाली असती. ती नव्हती, म्हणून मला जावं लागलं.

मी बाइंडर. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं शिवत आलो. स्वतः लिहायची वेळ कधी आली नव्हती, तेव्हा जसं घडलं तसं सांगतो.

मनोरुग्णालयाच्या अधीक्षकबाईंनी सोमवारी सकाळी बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागे त्यांच्या वडिलांचा मोठा फोटो आहे. वडील म्हणजे इथले मोठे डॉक्टर, तीस वर्षं हे रुग्णालय त्यांच्या शब्दावर चाललं. लेक डॉक्टर झाली नाही, कारभार शिकून आली. बाई वाईट नाहीत. हिला पोचवायला आल्या तेव्हा शेवटपर्यंत उन्हात उभ्या होत्या.

"बसा काका. चहा सांगू?"

"आधी काम सांगा."

त्यांनी एक जुनी फाइल माझ्यापुढे सरकवली. "या बाई तेहतीस वर्षांपूर्वी इथं दाखल झाल्या. तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. तीनेक वर्षं राहिल्या. आता शाळेत गणित शिकवतात. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःची फाइल बघायला मागितली, तर निदानाच्या रकान्यावर ही चिठ्ठी डकवलेली. खालचं काही दिसत नाही. त्यांनी लेखी विचारलंय, हा आजार मला कधीच नव्हता, मग मूळ निदान कुणी झाकलं?"

चिठ्ठीवर ठळक अक्षरांत होतं, 'एफ ३१, बायपोलर'. त्याखाली मुलगी दाखल झाली त्या दिवसाची तारीख.

"हा एफ कसला?" मी विचारलं.

"निदानाच्या नंबराला पुढं एफ असतोच, काका. एफ म्हणजे मनाचा आजार. मी रोज पन्नास फॉर्मांवर सही करते, सगळ्यांवर एफ. पहिल्यापासून तसंच. आणि फायलीत चिठ्ठ्या डकवायची पद्धत इथं एकाच माणसाची होती. तुम्हाला वेगळं सांगायला नको."

नको होतंच. हिला सगळे नोंदबाई म्हणत. पस्तीस वर्षं नोंदकक्ष तिनं सांभाळला.

"गेलेल्या माणसाची आम्ही चौकशी लावत नाही," त्या म्हणाल्या. "नोंदबाईंकडून चूक झाली, एवढं उत्तर देऊन टाकू. फक्त नव्या नोंदकक्षाला त्यांचं नाव द्यायचा ठराव आहे ना, तो शुक्रवारच्या बैठकीत मागे घ्यावा लागेल. त्या गणिताच्या बाई समोर बसलेल्या असणार. कसं करणार?"

पितळी पाटी तयार होऊन आलेली मी बघितली होती. हिचं नाव कोरलेलं. ती शुक्रवारी भंगारात जायची होती.

मी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. मला माणसांपेक्षा कागद लवकर कळतो.

कागद माझा होता. माझ्याच हातचा कापलेला.

२

हिचं काम काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मनाच्या आजारांचं एक जाडजूड पुस्तक असतं. प्रत्येक आजाराला नाव आणि नंबर. डॉक्टरनं निदान केलं की त्या पुस्तकातला नंबर फायलीवर पडतो. पण काही वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती येते. कुठल्या आजाराचं नाव बदलतं, कुठे एकाचे तीन होतात, एखादा नव्यानं येतो, आणि एखादा चक्क काढून टाकतात. काल आजार होता, आज नाही. मग फायलींवर नवे नंबर चढवायचं काम नोंदबाईचं.

हिचा एक नियम होता. जुनं खोडायचं नाही. नवा नंबर चिठ्ठीवर लिहायचा, त्याखाली चिठ्ठी लावल्याची तारीख आणि कारण, आणि चिठ्ठीला फक्त वरच्या कडेला खळ लावायची. म्हणजे झाकणासारखी उचलली की खालचं वाचता आलं पाहिजे. "आपण कोण झाकणारे?" असं म्हणायची. चिठ्ठ्या मी माझ्या कात्रणांतून कापून द्यायचो. खळही माझीच, पिठाची, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली.

"मॅडम, ही चिठ्ठी हिनं लावलेली नाही," मी म्हटलं. "बघा, चारी बाजूंनी चिकटवलीय. उचलत नाही."

"तीस वर्षांत चिकटली असेल."

"खळीत मोरचूद असतं. कडेला निळसर रेघ राहते. इथं नाही. हा दुकानातला गोंद आहे."

"काका..."

मग मी तिसरं सांगितलं. हिच्या चिठ्ठ्या कायम पिवळसर लेजर कागदाच्या असत. शेवटच्या वेळी तो कागद संपला होता, म्हणून मी एक गठ्ठा नकाशांच्या जाड पांढऱ्या कागदातून कापला. नेऊन हिच्या टेबलावर ठेवला त्या दिवशी ही दुसऱ्या दवाखान्यात भरती झाली होती. बरी होऊन परत आली की लागतील म्हणून ठेवला. ती टेबलाशी परत आलीच नाही. समोरची चिठ्ठी त्या पांढऱ्या गठ्ठ्यातली होती.

अधीक्षकबाईंनी पेनला टोपण घातलं.

"नवऱ्याची साक्ष, काका," त्या म्हणाल्या. "बैठकीत कोण धरणार?"

खरं होतं ते. बायकोची बाजू नवरा घेणारच.

"मग शुक्रवारपर्यंत फाइल कुणी उघडू नये एवढं करा," मी म्हटलं, आणि खिशातला दोरा काढून तिथल्या तिथं फाइल बांधली. माझी गाठ दुसऱ्याला सोडता येते, परत तशीच मारता येत नाही.

"नोंदकक्षाच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक खाली स्कॅनरकडे. एक माझ्याकडे. एक बाबांकडे, ते रुग्णालयाचा इतिहास लिहितायत म्हणून."

तीन किल्ल्या, तीन माणसं. त्यांतल्या एकानं माझ्या बायकोच्या टेबलावरचा गठ्ठा फोडला होता.

३

स्कॅनर हे त्याचं नाव नव्हे. जुन्या फायली यंत्रावर चढवायला तीन वर्षांपूर्वी आला, म्हणून सगळे तसं म्हणतात. पंचेचाळिशीचा असेल, डोक्यावर एक केस नाही. स्वतःच सांगतो, "काका, माझ्या टकलावर दिवा मारला तर दुसरं मशीन घ्यायला नको."

हिचं टेबल त्यानं हलवलं नव्हतं. चष्म्याची डबी तिथंच होती. पांढरा गठ्ठाही. वरचा दोरा तुटलेला.

"हा कुणी उघडला?"

"आई शपथ, मी नाही. मला चिठ्ठी लागते कशाला? माझं सगळं मशीनमध्ये." त्याचा चेहरा उतरला. "काका, सगळे माझ्याकडेच बघणार ना? बाई गेल्यावर खोलीत मीच."

"काम कसं चालतं सांग. पहिल्यापासून."

"फाइल घ्यायची, पानं मशीनखाली टाकायची, निदानाचा नंबर टाइप करायचा. पण जुने नंबर मशीन घेत नाही. टाकला की लाल होतं नि ओरडतं. पहिल्या आठवड्यात मी रडायला आलो होतो. बाई म्हणाल्या, 'रडतोस काय, मशीन काल जन्मलंय, त्याला आजोबांची ओळख करून द्यायला लागते.' मग त्या शेजारी बसायच्या आणि जुन्या नंबराचा नवा नंबर सांगायच्या. चौदा हजार फायली झाल्या तशा, काका. आता मला झोपेत विचारा."

"पाठ होते तिला सगळे?"

"बरेचसे. अडलं की पुस्तकं उघडायच्या. ती जाडी, तुम्ही बांधलेली."

"कुठायत ती?"

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "म्हणजे काय? तुमच्याकडेच आहेत. भरती व्हायच्या आदल्या दिवशी बाईंनी पिशवीत घालून घरी नेली. दोन खेपा केल्या. मी म्हटलं, बाई, रिक्षा सांगू का, तर म्हणाल्या, पुस्तकं माझी आहेत, माझ्या खांद्यावर जातील."

घरी एकच जागा अशी होती जिथं मी बघितलं नव्हतं. तिचं कपाट. आठ महिने मी त्याच्यासमोरून अंग चोरून जात होतो.

४

त्या दिवशीही उघडलं नाही. आधी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. मनातून माझा संशय त्यांच्यावरच होता. फाइल त्यांच्या काळातली, निदान त्यांचं, नाव त्यांचं. झाकायला दुसऱ्या कुणाला काय पडलंय?

चौऱ्याऐंशीचे आहेत, पाठ अजून ताठ. गच्चीवर कुंड्यांतली माती उकरत होते.

"बायको गेल्यावर माणसं देवाला जातात," ते म्हणाले. "तुम्ही माझ्याकडे?"

"देवाकडे फाइल नसते."

हसले. मला वाटतं त्यांच्याशी असं कुणी फारसं बोलत नसावं. मी त्यांना एवढंच सांगितलं की तेहतीस वर्षांपूर्वी दाखल झालेल्या एका मुलीच्या फायलीवरून वाद आहे, एकोणीस वर्षांची होती, आता गणित शिकवते.

खुरपं थांबलं. "ती तीनशे दोन."

"काय म्हणालात?"

"काही नाही. मला रोगी नंबरानं आठवतात. चेहरे गेले, नंबर राहिले." मातीत बघत म्हणाले, "तेही जुनेच. मागून आलेलं ते एफ-बीफ माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मी जुन्या नंबरानं बोलायचो आणि तुमची बायको कपाळाला हात लावून नवा लिहायची."

"त्या मुलीला बायपोलर होतं का?"

"कोण म्हणतं?" आवाज एकदम चढला. चिठ्ठी त्यांनी पाहिलेली नसावी, किंवा फार चांगलं सोंग असावं. मला ठरवता येईना.

"तुमच्या हाताखाली तेव्हा आणखी कोण..."

"माझ्या हाताखाली कुणी नव्हतं. निदान माझं होतं." हात झटकून ते उठले. "तुमच्या बायकोनं मला त्या मुलीवरून तीन पत्रं लिहिली होती, माहितीय? मी वरिष्ठ डॉक्टर, ती चार-पाच वर्षं नोकरी झालेली कारकून. पहिल्या दोन पत्रांना मी उत्तरसुद्धा दिलं नाही."

"काय होतं पत्रांत?"

"पस्तीस वर्षं घरात होती ना तुमच्या? विचारायचं होतंत."

जिना उतरताना ते वाक्य पायरीपायरीवर टोचत होतं. विचारायचं होतं. खरंच, मी काय विचारत आलो? चिठ्ठ्या किती लागतील, एवढंच.

५

बुधवारी दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, कपाट उघडलंत का?"

"उघडतो."

"आई ओरडली असती हं. आठ महिने कपड्यांना हवा नाही."

"उघडतो म्हटलं ना."

"मी फोन चालू ठेवते. बोलू नका, नुसतं उघडा."

उघडलं. साड्यांचा वास आला. त्याचं मी इथं काही लिहीत नाही. खालच्या खणात दोन पुस्तकं होती, जुनी आवृत्ती आणि नवी, कापडी पाठीची, माझ्या शिवणीची.

"सापडली," मी म्हटलं. लेकीनं नाक ओढलं आणि फोन ठेवला.

पहिलं पुस्तक बांधायला आणलं तेव्हाचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. नवी आवृत्ती आली म्हणून रुग्णालयानं जुनी रद्दीत टाकली होती, ही ती उचलून घेऊन आली. म्हणाली, "प्रत्येक छापील पानाशेजारी मला एक कोरं पान घालून द्या."

"दुप्पट जाड होईल. उचलवणार नाही."

"मला उचलायचंय ना? पुस्तक बदलतं हो, माणूस मात्र तिथंच खाटेवर असतो. त्याच्याबद्दल लिहायला शेजारी जागा नको?"

मी बांधून दिलं. उघडून कधी पाहिलं नाही. आम्हा लोकांची ती शिस्तच असते, गिऱ्हाइकाचा मजकूर वाचायचा नाही. बायको गिऱ्हाईक नव्हे, हे लक्षात यायला कपाट उघडावं लागलं.

जुन्या आवृत्तीत तीनशे दोन शोधलं. सापडलं. दुसऱ्या मुलीवर प्रेम बसलेली मुलगी त्या पुस्तकाच्या लेखी आजारी होती, आणि त्या आजाराचा नंबर तीनशे दोन होता. एवढंच. त्यासाठी घरच्यांनी एकोणीस वर्षांची पोर आणून इथं ठेवली होती.

शेजारच्या पानावर हिचं बारीक, उभं अक्षर. "नव्या आवृत्तीत हा आजार नाही. काढला." खाली नवं पुस्तक रुग्णालयात आल्याची तारीख. त्याखाली अकरा फाइल नंबर, प्रत्येकापुढे तो माणूस घरी गेल्याची तारीख. दहा जण महिन्याभरात सुटले होते. सातवा नंबर गणिताच्या बाईंच्या फायलीचा. त्याच्यापुढे 'पत्र' असं तीनदा, तीन तारखांसह, आणि मग पेन्सिलीची नुसती एक बरोबरची खूण. तिच्यापुढे तारीख आहे, शब्द नाही. सुटका झाल्याची तारीख त्यानंतर दहा दिवसांनी.

नवं पुस्तक आल्यापासून ती मुलगी सुटेपर्यंत एक वर्षाहून जास्त गेलं होतं. जो आजार पुस्तकातच नव्हता, त्याच्यासाठी. झाकण्यासारखं हेच होतं. बायपोलरची चिठ्ठी लावली की ठेवणं बरोबर ठरत होतं, पहिल्या दिवसापासून.

मग मी फायलीच्या चिठ्ठीवरचा नंबर शोधायला जुनं पुस्तक चाळू लागलो. एफ एकतीस. पुढून मागे, मागून पुढे. नंतर नवी आवृत्ती घेतली. दोन्ही शेजारी उघडी ठेवली.

आणि मला कळलं की चिठ्ठी कुणी लिहिली.

६

शुक्रवारी टेबलाच्या एका टोकाला अधीक्षकबाई, दोन्ही बाजूंना मंडळाचे दोन सभासद, मोठे डॉक्टर, स्कॅनर, आणि खिडकीपाशी गणिताच्या बाई. आखूड पांढरे केस, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

मी दोरा दाखवला. गाठ माझीच होती. सोडली.

"बाई, फाइल तुमची," मी त्यांना म्हटलं. "चिठ्ठी सोडवू का? खालची शाई जाणार नाही, हे माझं रोजचं काम आहे. वीस मिनिटं लागतील."

"तेहतीस वर्षं थांबले. सोडवा."

ओला टीपकागद चिठ्ठीवर पसरला, वर काच ठेवली. गोंद भिजायला वेळ लागतो, घाई केली की कागद फाटतो.

"तोवर एक विचारतो. डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर लिहिलंय एफ एकतीस. तारीख, मुलगी दाखल झाली त्या दिवसाची."

"त्या दिवसाची?" डॉक्टर पुढे झुकले. "शक्यच नाही. तेव्हा एफ कुठं होता? नुसते आकडे होते. तीनशे दोन, दोनशे शहाण्णव. अक्षर आलं नव्या आवृत्तीबरोबर. दोन वर्षांनी."

मी जुनं पुस्तक सभासदांपुढे सरकवलं. त्यांनी पानं उलटली. एकाही नंबरापुढे अक्षर नव्हतं.

"म्हणजे चिठ्ठी मागून लिहून जुनी तारीख टाकलीय," मी म्हटलं. "आता बघा, कुणी लिहिली. आमच्या हिनं? तिनं दोन्ही पुस्तकं पान-पान लावून ठेवली होती, ही चूक तिच्या हातून स्वप्नातही झाली नसती. स्कॅनरनं? त्यानं चौदा हजार जुने नंबर मशीनशी भांडून बदललेत. जुन्याला अक्षर नसतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?"

"झोपेत विचारा," स्कॅनर पुटपुटला.

"डॉक्टरसाहेबांवर माझा पहिला संशय होता, हे कबूल करतो. पण त्यांना आजही नवे नंबर येत नाहीत. त्यांनी झाकलं असतं तर जुन्या नंबरानं झाकलं असतं. ही चूक अशाच माणसाची, ज्यानं जुनं पुस्तक कधी उघडलंच नाही, पण रोज पन्नास फॉर्मांवर एफ बघितला. आणि ज्याला वाटतं की ते पहिल्यापासून तसंच आहे."

मी नाव घेतलं नाही. गरज पडली नाही. मोठे डॉक्टर आपल्या लेकीकडे बघत होते.

"बाळ," ते म्हणाले. बस, एवढंच.

अधीक्षकबाईंनी मान वर केली. "तुमचा इतिहास छापायला जाणार होता, बाबा. तुमच्या कागदांत नोंदबाईंची ती पत्रं मी वाचली होती, कुणीतरी ही फाइल काढली असती. मी खाली गेले, टेबलावर चिठ्ठ्या होत्या." मग माझ्याकडे वळल्या. "काका, नोंदबाईंवर येईल असं मनात नव्हतं हो."

"आलं तेव्हा तर कळलं ना?"



वीस मिनिटं झाली. काच उचलली, हाडाची पट्टी कडेखाली सरकवली. चिठ्ठी अख्खी सुटून आली. खाली निळ्या शाईत तिरकं मोठं अक्षर होतं : ३०२.

डॉक्टरांनी चष्मा लावून बघितलं. "माझंच आहे. झाकू नका." मग उठून उभे राहिले, या वयात, टेबलाला धरून. "बाई, पुस्तक बदललं आणि मी बदललो नाही. मला वाटलं पुस्तकवाले चुकले. चौदा महिने तुम्हाला उगाच ठेवलं."

"चौदा महिने आणि नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "मी गणित शिकवते, डॉक्टर."

७

पेन्सिलीच्या त्या खुणेचा अर्थ मला त्यांच्याकडूनच कळला. बैठक संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला थांबवलं.

"तुमच्या मिसेस एकदा वॉर्डात आल्या होत्या. नोंदकक्षातल्या लोकांना रोग्यांशी बोलायची बंदी होती तेव्हा. चादरी मोजायला आलेय असं सिस्टरना सांगितलं, आणि पिशवीतून हे एवढं नवं पुस्तक काढून माझ्या खाटेवर ठेवलं. म्हणाल्या, 'शोध.' मी म्हटलं, काय शोधू? 'स्वतःला शोध. पहिल्या पानापासून.' मी दुपारभर शोधलं. त्या चादरी मोजत राहिल्या. एकच गठ्ठा चार-चार वेळा."

"मग?"

"मग म्हणाल्या, 'सापडलीस का?' मी म्हटलं, नाही. 'मग इथं कशाला बसलीस? उद्या डॉक्टरांना हेच सांग. तिसरं पत्र मी आज देतेय, त्यात लिहिलंय की उत्तर आलं नाही तर दोन्ही पुस्तकं घेऊन वर मंडळाकडे जाईन.' जाताना म्हणाल्या, मी आले होते हे कुणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल. मी आजपर्यंत नाही सांगितलं. घरीसुद्धा नाही." जराशा हसल्या. "घरी म्हणजे जिच्यामुळे दाखल केलं होतं ना, तिला."

पस्तीस वर्षं मी त्या बाईच्या शेजारी बसून जेवलो. तिनं बोलून दाखवलं नाही, आणि मला वाटायचं तिच्या कामात बोलण्यासारखं काही नसावं. त्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकातून मी असा चालत आलो, की रस्त्यातल्या माणसांना वाटलं असेल याला काही इनाम लागलंय. लागलंच होतं.

अधीक्षकबाईंनी सगळं लेखी कबूल केलं आणि खुर्ची सोडली. मोठ्या डॉक्टरांनी इतिहासाच्या पुस्तकात एक प्रकरण वाढवलंय, अकरा फायलींचं. माझ्याकडेच बांधायला येणार आहे. ती खोटी चिठ्ठी फेकून देऊ का, असं सभासदांनी विचारलं. मी म्हटलं, जुनं खोडायचं नाही. तीच चिठ्ठी त्याच पानावर लावली, वरच्या कडेला खळ लावून, खाली खरी तारीख आणि कारण लिहून. उचलली की तीनशे दोन दिसतं.

पाटी बसली. नोंदकक्षाच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीवर. स्क्रू मीच पिळले. गणिताच्या बाई आपल्या घरच्या त्या दुसऱ्या बाईंना घेऊन आल्या होत्या, त्यांनी पाटी पदरानं पुसली.

गेल्या आठवड्यात स्कॅनर पुस्तकाची सगळ्यात नवी आवृत्ती घेऊन आला. आता नंबर पुन्हा बदललेत, पुढचं अक्षर नंबराच्या मधे गेलंय. "काका, बाईंसारखी बांधून द्या. शेजारी कोरी पानं घालून. आता मी लिहिणार."

मशीनवाला पोरगा कोरी पानं मागतो म्हटल्यावर मला हसू आलं. पुस्तकाची शिवण उसवून पानांचे फर्मे सोडवत होतो, तेवढ्यात त्यानं एका पानावर बोट ठेवलं. नवा आजार आलाय. आपलं माणूस गेल्याचं दुःख सहा महिन्यांच्या पुढे गेलं, आणि माणूस त्यातून उठेचना, तर त्यालाही आता नंबर आहे.

"काका, तुमचे आठ झाले," तो हळूच म्हणाला.

"नऊ," मी म्हटलं. "आणि मी उठलोय. बघतोयस ना, दाभण हातात आहे."

त्या पानाशेजारी मी कोरं पान शिवलं. ही असती तर तिथं पेन्सिलीनं माझा नंबर टाकला असता, पुढे तारीख घातली असती, आणि पुस्तक पुन्हा बदलेपर्यंत मला घरीच ठेवून घेतलं असतं.